विजेच्या गिटारचा नाद आणि घरची खोली

तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण अशा विषयांच्या पंक्तीला विजेच्या गिटारने येऊन का बसावे, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. तिचे उत्तर शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. आज शहरातल्या कोणत्याही मोठ्या इमारतीचा जिना संध्याकाळी चढून गेले, तर एखाद्या तरी दारामागून या वाद्याचा आवाज येतो. आणि त्याच्या पाठोपाठ बहुधा दुसराही एक आवाज येतो, तो म्हणजे ‘अरे, जरा हळू!’ हा. ज्या ध्वनिमुद्रणासाठी पूर्वी स्टुडिओचे भाडे मोजावे लागे, ते आता दहा-बारा फुटांच्या खोलीत, संगणक आणि तळहाताएवढी एक पेटी यांच्या साहाय्याने होऊ शकते. साधन घरात आले. पण खोली तीच राहिली, भिंती त्याच राहिल्या, आणि भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले वृद्ध माणूसही तेच राहिले.

वाजविणाऱ्याची तक्रार अशी असते, की हळू वाजविले तर गिटारला ‘तो’ नाद येतच नाही. घरच्या मंडळींना हा निव्वळ हट्ट वाटतो. मग एक तर रोज खटका उडतो, किंवा वाद्य माळ्यावर जाते, किंवा नाद येत नाही तो यंत्रातच काही उणे म्हणून, अशा समजुतीने आणखी हजारो रुपयांचे यंत्र विकत आणले जाते. आमचे म्हणणे असे, की वाजविणाऱ्याची तक्रार खरी आहे, तिच्यामागे पदार्थविज्ञानाचे आधार आहेत. परंतु तिच्यावरचा उपाय मोठा आवाज हा नव्हे, आणि बहुधा नवे यंत्र हाही नव्हे. तो कोणता, हे आज पाहावयाचे आहे.

नादाचे तीन धर्म

आपल्या संगीतशास्त्रात नादाचे तीन धर्म सांगितलेले असतात : उंचनीचपणा, लहानमोठेपणा आणि जात. पेटीवर व सारंगीवर एकच षड्ज, सारख्याच जोराने वाजविला, तरी डोळे मिटून ऐकणारा माणूस ही पेटी व ही सारंगी असे ओळखतो. कारण उंची एक, मोठेपणा एक, तरी जात निराळी. मुख्य स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आवर्तनांचे जे उपस्वर उमटतात, त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर ही जात मुख्यतः अवलंबून असते. तानपुऱ्याची जवारी लावणारा कारागीर नेमके हेच करतो. घोडीवर तारेखाली सरकविलेला दोरा गव्हाभर इकडे-तिकडे झाला, की तार तीच, स्वर तोच, छेडण्याचा जोरही तोच, पण बंद असलेला आवाज एकाएकी उघडतो.

गिटार वाजविणारे ज्याला ‘टोन’ म्हणतात, तो म्हणजे ही नादाची जात होय. ‘हळू वाजविले तर टोन येत नाही’ या वाक्याचा अर्थ, लहानमोठेपणा कमी केला की जात बिघडते, असा होतो. शास्त्राने हे दोन धर्म निराळे मानले आहेत. या एका वाद्यात मात्र ते एकमेकांत अडकले आहेत. ते का अडकले, हे कळले तर सोडविताही येतील.

तारेपासून कानापर्यंत

या वाद्याचा जन्मच मुळी मोठ्या आवाजाच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील नृत्यवृंदांत तुताऱ्या आणि ढोल यांच्या कल्लोळात साधी लाकडी गिटार ऐकूच येत नसे. त्यावर लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बीचॅम याने अडॉल्फ रिकेनबॅकर याच्या साहाय्याने तोडगा काढला. १९३२ साली त्यांची अॅल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची गिटार बाजारात आली. तिच्या आकारावरून तिला लोक ‘तळणीचा तवा’ म्हणत. बीचॅम याला तिचे पेटंट १९३७ साली मिळाले.

तिच्यातील तत्त्व मात्र १८३१ सालचे, मायकेल फॅरेडे याचे होते. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे द्यावयाचे, आणि हे गुंडाळे वाद्याच्या पोलादी तारांखाली बसवावयाचे. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, आणि वेढ्यांत अगदी क्षीण असा विजेचा दाब उत्पन्न होतो. या गुंडाळ्यास पिकअप म्हणतात. त्यातून निघालेली वीज दोरीवाटे अॅम्प्लिफायरमध्ये जाते, तेथे मोठी होते, आणि स्पीकरचा कागदी शंकू हलवून पुन्हा हवेत ध्वनी होते. तो ध्वनी खोलीच्या भिंतींवर आपटतो, माइकमध्ये शिरतो, पुन्हा वीज होतो आणि संगणकात आकड्यांच्या रूपाने साठविला जातो.

ही साखळी मुद्दाम सांगितली, कारण श्रोत्यांपैकी पुष्कळांची समजूत, नाद गिटारमध्ये असतो आणि बाकीची यंत्रे तो केवळ मोठा करतात, अशी असेल. ती बरोबर नाही. प्रत्येक कडी नादात काही घालते व काही काढून घेते. सर्वांत मोठी काटछाट स्पीकर करतो. गिटारसाठी बनविलेला बारा इंची स्पीकर सेकंदाला साधारण ७५ ते ५,००० आवर्तनांपर्यंतचाच ध्वनी नीट देतो. त्यावरचा भाग तो जवळजवळ गिळून टाकतो. घरातील संगीताच्या यंत्रात असा स्पीकर बसविला तर तो सदोष ठरेल. गिटारच्या बाबतीत हाच दोष गुण ठरतो. कारण त्यावरच्या प्रदेशात, विशेषतः आवाज फाडून घेतलेला असताना, नुसती करकर असते. गिटारची दोरी थेट संगणकाला जोडून, तीत संगणकातच फाटलेपणा मिसळला, की बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज येतो, अशी जी नवशिक्याची तक्रार असते, तिचे कारण हे आहे. साखळीतील स्पीकर ही कडीच गळालेली असते.

जात आणि जोर एकत्र का बांधले गेले?

पहिले कारण अॅम्प्लिफायरचे. जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांच्या अॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे हाकले, की विजेच्या लाटांचे माथे छाटले जातात. लाटेचा आकार बदलला म्हणजे नवे उपस्वर उत्पन्न झाले. शिवाय लाटेचा माथा छाटल्यामुळे जोरकस व मंद यांतील अंतर कमी होऊन स्वर दीर्घकाळ टिकल्यासारखा वाटतो. मुळात हा दोष. तोच पुढे या वाद्याचा प्राण झाला. पण शंभर वॅटचे यंत्र या अवस्थेपर्यंत नेईतो इमारत हादरते.

दुसरे कारण स्पीकरचे. जोराने हलणारा शंकू स्वतःही वाकतो, थरथरतो आणि आपला रंग मिसळतो. १९६४ साली लंडनच्या किंक्स या वृंदाच्या ‘यू रियली गॉट मी’ या गीतासाठी गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने एका लहानशा अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद पात्याने चिरला आणि हवा तो फाटका नाद मिळविला. यंत्र लहान, आवाज बेताचा. तरी नाद लोकांच्या कानात बसला, कारण त्याची जात नवी होती.

तिसरे कारण तारेचे. स्पीकरमधून येणारा जोरदार ध्वनी गिटारच्या तारांवर आदळून त्यांना पुन्हा हलवितो, आणि स्वर मरता मरता जिवंत राहतो.

चौथे कारण आपल्या कानाचे आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली असे दाखविले, की मंद ध्वनीतील खर्जाचा भाग कानाला फारच कमी ऐकू येतो, अगदी वरचा भागही कमी जाणवतो; ध्वनीचा जोर वाढविला की ते भाग भरून येतात. म्हणजे नाद जसाच्या तसा ठेवून केवळ जोर वाढविला, तरी तो अधिक भरदार वाटतो. यंत्राने काहीच सुधारलेले नसते. सुधारणा कानात होते.

आता ध्वनिमुद्रणाचा विचार करा. मुद्रण ऐकणारा माणूस आपल्या घरी, आपल्या मर्जीप्रमाणे खुंटी फिरवितो. वाजविणाऱ्याने शंभर डेसिबलने वाजविले की साठने, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. जोर मुद्रणात शिरत नाही. शिरते ती फक्त जात. जो मोठेपणा ऐकणाऱ्यापर्यंत पोचणारच नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्याची झोप खर्ची घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार नव्हे काय?

तळघरातला अभियंता

हे दोन धर्म वेगळे करता येतात याचा नामांकित दाखला अमेरिकेतील टॉम शोल्झ याचा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्रशास्त्राची पदवी घेतलेला हा तरुण पोलरॉइड या कॅमेऱ्याच्या कंपनीत नोकरी करी आणि उरलेल्या वेळात वॉटरटाउन गावातील घराच्या तळघरात ध्वनिमुद्रण करी. १९७६ साली ‘बॉस्टन’ या नावाने निघालेल्या तबकडीचा बराच मोठा भाग या तळघरात तयार झाला. पुढे एकट्या अमेरिकेत तिचा खप एक कोटी सत्तर लाखांवर गेला. प्रचंड सभागृहात घुमावा असा तो गिटारचा नाद एका लहानशा खोलीतून आलेला होता.

शोल्झची युक्ती अभियंत्याची होती. अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालवावयाचा, पण त्याची बहुतेक शक्ती स्पीकरपर्यंत पोचू द्यावयाची नाही; मध्येच रोधकांत तिची उष्णता करून टाकावयाची. नळ्यांना पूर्ण काम, आणि घराला शांतता! हे उपकरण त्याने पुढे ‘पॉवर सोक’ या नावाने विकावयास काढले. आणि १९८२ साली कमरेला अडकवून कानावरच्या फोनने ऐकण्याचे ‘रॉकमन’ हे यंत्रही आणले. येथे एक इशारा दिला पाहिजे. नळ्यांच्या अॅम्प्लिफायरला स्पीकर किंवा असा शक्ती शोषणारा भार न जोडता तो चालवू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. आणि आत शेकडो व्होल्टचा दाब असून तो वीज बंद केल्यावरही काही काळ राहतो, म्हणून हौसेखातर तो उघडू नये.

दुसरा मार्ग याहूनही सोपा : यंत्रच लहान घ्यावयाचे. १९७० साली मायामी येथील क्रायटेरिया स्टुडिओत ‘लैला’ या तबकडीसाठी एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांनी पाच वॅटच्या आसपासचे फेंडर चॅम्पसारखे लहान अॅम्प्लिफायर वापरले. लहान यंत्राची ताकद लवकर संपते, म्हणून त्याच्या लाटांचे माथे लवकर छाटले जातात, आणि मुद्रणात ते मोठ्यास हार जात नाही.

तथापि, लहान म्हणजे शांत असे मात्र कोणी समजू नये. शक्ती दसपट वाढविली तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो; म्हणून शंभर वॅटचे यंत्र दहा वॅटच्या केवळ दुप्पट मोठे भासते. गिटारचा सामान्य स्पीकर एका वॅटवरही मीटरभर अंतरावर शंभर डेसिबलच्या आसपास ध्वनी देतो. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ डेसिबल व रात्री, म्हणजे दहापासून सहापर्यंत, ४५ डेसिबल आहे. शंभर आणि पन्नास यांतले अंतर दुप्पट नव्हे, तर शक्तीच्या हिशेबाने एक लाख पट आहे! शेजाऱ्यांचे राहो, अमेरिकेतील नियॉश ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था शंभर डेसिबलमध्ये दिवसाला पंधरा मिनिटांहून अधिक राहू नये असे सांगते. ज्या कानाने नादाची जात ओळखावयाची तोच कान अशा आवाजात झिजतो, आणि झिजलेला कान परत येत नाही.

प्रत्यक्ष काम

आता साखळीच्या प्रत्येक कडीवर काय करावे ते क्रमाने पाहू.

आरंभ वाद्यापासून. जुन्या, घामाने गंजलेल्या तारांतून वरचे उपस्वर निघतच नाहीत. पुढे कोणत्याही खुंटीने ते आणता येत नाहीत. मुद्रणापूर्वी तारा नव्या घालाव्यात, ताणून स्थिर होऊ द्याव्यात, आणि प्रत्येक खेपेपूर्वी स्वर जुळवून घ्यावा. पिकअप तारांच्या फार जवळ चढविलेले असेल तर त्याचे चुंबक तारेला ओढते व स्वर डळमळतो. ते थोडे खाली घ्यावे. घोडीजवळचे पिकअप तीक्ष्ण व मानेजवळचे गोल आवाज देते. तीच गोष्ट नखीची : ती किती जाड, तारेवर कोठे आणि कोणत्या कोनात पडते, यावर नादाचा जेवढा भाग ठरतो, तेवढा महागड्या यंत्रांवरही ठरत नाही. हात ही या साखळीची पहिली कडी आहे आणि ती फुकट आहे.

दुसरी गोष्ट गुणगुणीची. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तिच्या तारांभोवतीचे क्षेत्र एकेरी वेढ्यांच्या पिकअपमध्ये शिरते आणि हूंऽऽ असा आवाज येतो. यावर गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने दोन गुंडाळी उलटसुलट जोडून एकाची गुणगुण दुसऱ्याने मारण्याची योजना केली. असे पिकअप १९५७ पासून त्या कंपनीच्या गिटारींवर येऊ लागले. ज्यांच्याजवळ एकेरी पिकअप आहे त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत हळूहळू वळून पाहावे. एका दिशेला गुणगुण पुष्कळ उतरते. पंख्याचा व दिव्याचा विजेरी रेग्युलेटर आणि मोबाइल दूर ठेवावेत. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे.

तिसरी कडी दोरी व जोडणी. दोरी लांब झाली की वरचे स्वर मंदावतात; खोलीत पाच-सहा मीटरहून अधिक दोरीचे कारण नाही. मुद्रणाच्या पेटीवर वाद्यासाठी वेगळे छिद्र असते, त्याचा रोध सुमारे दहा लाख ओम असतो. गिटार तेथेच जोडावी. माइकच्या किंवा साध्या छिद्रात जोडल्यास पिकअपवर भार पडून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. मुद्रणाची पातळी भीत भीत वर चढविण्याचीही गरज नाही. सर्वांत जोरदार ठोक्यालाही वरच्या मर्यादेखाली दहा-बारा डेसिबल जागा राहील अशी ती ठेवावी. चोवीस बिटांच्या मुद्रणात त्याने काही गमावत नाही.

चौथी कडी अॅम्प्लिफायर. येथे एकच नियम सांगतो : एकट्याने वाजविताना जेवढा फाटलेपणा गोड वाटतो, त्याहून पुष्कळ कमी ठेवावा. फार छाटलेल्या लाटेत नखीचा आघात हरवतो. भरदारपणा हवा असेल तर तोच भाग पुन्हा एकदा वाजवून मुद्रित करावा, आणि एक खेप डाव्या व दुसरी उजव्या बाजूस ठेवावी. दोन खेपांतील बारीकसा फरकच नादाला रुंदी देतो. एकाच खेपेची नक्कल दोन्हीकडे ठेवून ती येत नाही. खेपेवर खेप चढविण्याच्या या कलेचा आद्य आचार्य लेस पॉल. १९४८ साली निघालेल्या त्याच्या ‘लव्हर’ या तबकडीतील सर्व गिटारी त्याने एकट्याने वाजविल्या होत्या, आणि त्याची कार्यशाळा म्हणजे हॉलिवुडमधील घराचे गॅरेज होते. घरगुती मुद्रण ही काही आजची हौस नव्हे.

पाचवी कडी माइक, आणि येथे सर्वांत कमी खर्चात सर्वांत अधिक मिळते. १९६५ साली निघालेला शुअर कंपनीचा एसएम-५७ हा साधा, टणक माइक आजही जगभर गिटारच्या स्पीकरसमोर दिसतो. प्रश्न माइक कोणता हा नसून तो कोठे, हा आहे. शंकूच्या मध्यासमोर आवाज सर्वांत तीक्ष्ण. कडेकडे सरकत जावे तसा तो मऊ व काळसर होतो. जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरल्यास अशा माइकच्या स्वभावामुळे खर्ज वाढतो. वीतभर मागे घेतल्यास तो उतरतो आणि खोली ऐकू येऊ लागते. आम्ही असे सुचवितो, की एका संध्याकाळी, शेजाऱ्यांना चालेल अशा वेळी, माइकच्या दहा जागा निवडाव्यात. प्रत्येक जागी ‘मध्य, दोन सेंटिमीटर’, ‘कड, वीतभर’ असे तोंडाने बोलून तीच चार आवर्तने वाजवावीत. दहाही नमुने दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानाने ऐकावेत. जवारीचा दोरा सरकविणारा कारागीर एका बैठकीत जे करतो, तेच हे काम आहे.

दोन माइक लावण्याचा मोह आरंभी टाळावा. ध्वनी एक हजारांश सेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो. दोन माइकच्या अंतरात सतरा सेंटिमीटरचा फरक पडला, तर हजार आवर्तनांचा स्वर एकात चढतीवर व दुसऱ्यात उतरतीवर असतो. दोहोंची बेरीज केली की तो स्वर नाहीसा होतो. दोन चांगले माइक मिळून एक पोकळ आवाज होतो, तो असा.

सहावी कडी खोली. आपल्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या. टाळी वाजवून पाहावी. झणझण ऐकू आली तर तीच झणझण मुद्रणात जाणार. अॅम्प्लिफायर जमिनीवर किंवा कोपऱ्यात न ठेवता स्टुलावर ठेवावा, म्हणजे खर्जाचा फुगारा कमी होतो. माइकच्या मागे व बाजूंना गोधड्या, गाद्या लावाव्यात. कपड्यांनी भरलेले उघडे कपाटही उत्तम काम करते. मात्र गोधडी वरचे स्वर शोषते, खर्ज शोषत नाही, आणि शेजाऱ्याकडे जाणारा ध्वनी तर जवळजवळ मुळीच अडवीत नाही. त्याला जड भिंत आणि फटी बुजविलेले दार लागते. म्हणून ‘आम्ही गोधड्या लावल्या आहेत’ हे मध्यरात्री वाजविण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

मुळीच आवाज न करता

रात्रीच ज्यांना वेळ मिळतो त्यांच्यासाठी स्पीकरवाचूनचाही मार्ग आता आहे. एखाद्या स्पीकरसमोर माइक ठेवून, त्यात अत्यंत अल्प काळाचा एक ध्वनी सोडला असता जो प्रतिसाद मिळतो, त्यात त्या स्पीकरची व माइकच्या त्या जागेची बरीचशी ओळख साठविलेली असते. हा प्रतिसाद संगणकास दिला, की गिटारच्या कोऱ्या विजेवर त्याचा संस्कार करता येतो, आणि गळालेली कडी पुन्हा साखळीत बसते. अॅम्प्लिफायरची नक्कल करणाऱ्या आज्ञावल्याही मिळतात, काही फुकटही मिळतात. कानावरचा फोन लावून मध्यरात्री वाजवावे. पलीकडे तारांची किणकिणसुद्धा जात नाही. संगणकाला हिशेबास जो वेळ लागतो त्याने आवाज किंचित उशिरा येतो. पण दहा हजारांश सेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकरपासून साडेतीन मीटरवर उभे राहण्याइतकाच होय.

या पद्धतीत आणखी एक सोय आहे. कोरी वीज निराळी साठवून ठेवता येते आणि यंत्राची निवड पुढे ढकलता येते. ही सोय जपून वापरावी. ज्यास शेकडो अॅम्प्लिफायरांची यादी पडद्यावर मिळाली, तो रात्रभर यादी चाळतो आणि गाणे राहून जाते. दोन-तीन नमुने निवडावेत, आणि महिनाभर त्यांच्यापलीकडे पाहू नये.

निवाडा कानाचा

शेवटी परीक्षेचे दोन नियम. कोणतेही दोन नमुने ताडून पाहताना दोघांचा जोर आधी सारखा करावा. नाहीतर फ्लेचर-मन्सन यांनी सांगितल्याप्रमाणे, जो मोठा तोच चांगला वाटेल, आणि निवाडा खुंटीचा होईल, कानाचा नव्हे. दुसरा नियम असा, की गिटार एकटी ऐकून निर्णय करू नये. गिटारच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची आवर्तने सेकंदाला सुमारे ८२. तिच्याखाली आणि आसपास ढोल व बास यांची वस्ती. एकटी असताना जी गिटार खर्जाने भरलेली, ऐसपैस वाटते, तीच वृंदात इतरांच्या पायांवर पाय देते. थोडा खर्ज कापला तर एकटी जरा किरटी वाटते, पण गाण्यात आपल्या जागी नेमकी बसते. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतात भूपिंदर सिंग यांनी वाजविलेली गिटार आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात आहे. ती आठवून पाहावी. ती मोठी आहे म्हणून लक्षात राहिलेली नाही, ओळखू येते म्हणून राहिली आहे.

आता घरच्या मंडळींना दोन शब्द. मुलाने वा मुलीने नवे यंत्र मागितले, तर लगेच नकार देऊ नका आणि लगेच पैसेही देऊ नका. आधी नव्या तारा आणून द्या, दोन गोधड्या काढून द्या, आणि माइकच्या त्या दहा जागांचे नमुने शेजारी बसून ऐका. कोणता आवडला ते सांगा, आणि का आवडला तेही सांगण्याचा प्रयत्न करा. ज्यांनी तानपुरा, सारंगी, सनई ऐकत आयुष्य काढले त्यांना नादाची जात कळते. वाद्य परके असले म्हणून कान परका होत नाही. आणि वाजविणाऱ्यांनी शेजाऱ्यांकडे जाऊन, कोणती वेळ तुम्हांला चालेल, एवढे एकदा विचारावे. आमचा अनुभव असा, की विचारले असता बहुतेक लोक दिवसाचा एखादा तास आनंदाने देतात; आणि माइकची जागा ठरविण्यास एक तास पुरेसा आहे.